एकट्याने प्रवासाचं ॲप बांधताना: आखणी आणि रोजनिशी एकाच टेबलात

प्रवासाची आखणी करणारी ॲप्स ढिगाने आहेत आणि रोजनिशीचीही कमी नाहीत. तरी बहुतेक भटके आखणी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर करतात, हिशोब वहीत ठेवतात, आणि आठवणी फोटोंच्या ढिगाऱ्यात हरवतात. कारण आखणीचं ॲप निघण्याच्या दिवशी निकामी होतं, आणि रोजनिशीच्या ॲपला आपण कुठे जायला निघालो होतो हेच माहीत नसतं. एकट्या डेव्हलपरला जागा आहे ती या दोन्हींच्या मधल्या फटीत. सहाला निघायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात सव्वासातला निघालो: या दोन वेळा एकाच ओळीत ठेवल्या, की आखणी हीच रोजनिशी होते, आणि ती रोजनिशी पुढची आखणी सुधारते. हा लेख त्याच एका कल्पनेवर ॲप कसं उभं करायचं याबद्दल आहे.

उदाहरण ठोस हवं म्हणून बारा किल्ले घेतो. जुलै २०२५ मध्ये 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया' या नावाने साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ॲपच्या पहिल्या आवृत्तीसाठी ही यादी सोन्यासारखी आहे. ती बारावर संपते, म्हणून प्रत्येक ठिकाणाची माहिती तुम्ही स्वतः हाताने भरू आणि तपासू शकता. शिवाय तिच्यात सगळे प्रकार येतात: पन्हाळ्यावर गाडी जाते, राजगडाला गुंजवण्यातून चोर दरवाजाची खडी चढण आहे, सिंधुदुर्गाला मालवणहून होडी लागते, आणि जिंजीसाठी दुसऱ्या राज्यात मुक्काम करावा लागतो. या बारांना पुरेसं पडणारं ॲप पुढे नर्मदा परिक्रमेलाही पुरेल.

आधी काय बांधायचं नाही ते लिहून काढा

पहिल्या आवृत्तीत लॉगिन नको. लॉगिन आलं की सर्व्हर आला, पासवर्ड विसरणारे लोक आले, आणि प्ले स्टोअरच्या नियमानुसार खातं पुसण्याची सोय ॲपमध्ये आणि वेबवर, अशी दोन्हीकडे द्यावी लागते. लाइक आणि फॉलोअर नकोत. हॉटेल बुकिंग नको. एसटीचं वेळापत्रक आपोआप आणण्याच्या मागे लागू नका. गाडीची वेळ वापरकर्त्याला हाताने लिहू द्या आणि शेजारी 'कुणाकडून कळली' असा एक रकाना ठेवा. पायथ्याच्या गावातली वस्तीची गाडी किती वाजता सुटते हे त्या गावचा दुकानदारच नीट सांगतो.

उरतं ते एवढं: सहल तयार करणं, तिच्यात टप्पे टाकणं, नकाशा, वाटेत नोंद करणं, फोटो, खर्च, शोध आणि बॅकअप. आणि हे सगळं नेटवर्क नसताना चाललं पाहिजे. 'ऑफलाइन मोड' असा वेगळा पर्याय ठेवूच नका. ॲप मुळातच ऑफलाइन असू दे, नेट मिळालं तर थोडी जास्तीची सोय.

भाषा आणि फ्रेमवर्क यांवर रात्री घालवू नका. ॲप लिहायच्या साधनांपैकी फ्लटर येत असेल तर फ्लटर, कोटलिन येत असेल तर कोटलिन. एकट्याने दोन्ही प्लॅटफॉर्म सांभाळायचे तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह सोयीचं पडतं, पण आपल्याकडच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये बहुतेक फोन ॲंड्रॉइडचेच असतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. डेटाबेस मात्र एसक्यूलाइटच, म्हणजे सगळी टेबलं एकाच फाइलमध्ये ठेवणारा छोटा डेटाबेस. फोनमध्ये तो आधीपासून असतो, आणि उद्या फ्रेमवर्क बदललं तरी डेटाची फाइल तीच राहते.

टेबलं

इथे वेळ घ्या, कारण पडदे (ॲपचे स्क्रीन) नंतर कितीही वेळा बदलता येतात. लोकांच्या फोनमध्ये पोचलेली टेबलं बदलणं जिकिरीचं असतं.

'सहल' टेबलात नाव, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि सोबत कोण एवढंच. 'ठिकाण' टेबलात नाव, इतर नावं, अक्षांश, रेखांश, उंची, पायथ्याचं गाव, आणि कोणत्या महिन्यांत जाता येतं तो रकाना. हा शेवटचा रकाना खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गामुळे लागतो: पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि जुलैत मालवणची आखणी करणाऱ्याला ॲपने तिथेच टोकायला हवं.

खरा जीव 'टप्पा' या टेबलात आहे. एक टप्पा म्हणजे एक कृती: पुण्याहून गुंजवणे, गुंजवण्याहून पद्मावती माची, माचीवर मुक्काम. प्रत्येक टप्प्याला चार वेळा असतात: ठरलेली सुरुवात, ठरलेला शेवट, प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट. तसेच ठरलेला खर्च आणि झालेला खर्च. शिवाय स्थिती: ठरलेला, चालू, झालेला, गाळलेला. गाळलेला टप्पा पुसू नका. 'संजीवनी माची राहिली, पाऊस आला' ही रोजनिशीतली नोंदच आहे, आणि पुढच्या वेळी आखणी करताना नेमकी तीच वर यायला हवी. आखणीत नसलेला टप्पा आयत्या वेळी घुसला तर त्याच्या ठरलेल्या वेळा रिकाम्या राहतील, एवढंच.

'नोंद' टेबलात मजकूर, वेळ, जागा आणि टप्प्याचा दुवा. तो दुवा रिकामा चालेल. 'फोटो' आणि 'मार्गबिंदू' (चालताना जीपीएसने टिपलेल्या जागा) ही दोन टेबलं वेगळी.

प्रत्येक ओळीचा क्रमांक फोनवरच तयार होणारा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही फोनवर पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक, असू दे. पुढे कधी दोन फोनमधला डेटा एकत्र करायची वेळ आली, तर एक, दोन, तीन असे क्रमांक एकमेकांवर आदळतात. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडीच्या सातव्या आवृत्तीत क्रमांकाच्या सुरुवातीलाच वेळ गुंफलेली असते, त्यामुळे ओळी आपोआप कालक्रमाने लागतात. रोजनिशीला ते फारच सोयीचं. पैसे पैशांतच साठवा, पूर्णांकात. दशांश अपूर्णांकात रुपये ठेवले की चौघांची वाटणी करताना कुठेतरी एक पैसा हरवतो, आणि ट्रेकच्या ग्रुपमध्ये असा एक तरी माणूस असतो जो तो शोधून काढतो.

वेळ साठवण्याच्या दोन रीती

'सगळ्या वेळा यूटीसीत', म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, 'साठवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. झालेल्या गोष्टींसाठी तो बरोबर आहे, ठरलेल्या गोष्टींसाठी चूक. दुबईत नोकरी करणारा कुणी सुट्टीत राजगड करायचा ठरवतो आणि तिकडे बसूनच 'सकाळी ६ वाजता गुंजवण्यातून चढाई' असं टाकतो. ॲपने दुबईचा टाइम झोन धरून ते यूटीसीत बदललं, तर इथे उतरल्यावर त्याला चढाई साडेसातला दिसेल. म्हणून ठरलेली वेळ घड्याळात दिसते तशीच साठवा आणि सोबत त्या ठिकाणाच्या टाइम झोनचं नाव ठेवा, फोनच्या नव्हे. प्रत्यक्ष वेळ यूटीसीत साठवा आणि त्या क्षणी यूटीसीशी किती फरक होता तोही ठेवा. भारतात सर्वत्र साडेपाच तास असल्याने हा सगळा खटाटोप वाटेल. काठमांडूला जाणाऱ्याच्या फोनमध्ये तोच फरक पावणेसहा तास होतो, आणि पंधरा मिनिटांच्या गोंधळाने बस चुकते.

नकाशा

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा मोफत आहे, पण त्यांचा टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) पुरवणारा सर्व्हर तुमच्या ॲपसाठी उभा केलेला नाही. त्यांच्या धोरणात ऑफलाइन वापरासाठी घाऊक टाइल उतरवून घ्यायला स्पष्ट मनाई आहे. नावावरून जागा शोधून देणाऱ्या नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवरही सेकंदाला एकच विनंती चालते, आणि टाइप करता करता सुचवण्या देण्यासाठी तो वापरता येत नाही. आपल्याकडे ठिकाणं बाराच. त्यांचे अक्षांश-रेखांश ॲपमध्येच भरून टाका, प्रश्नच मिटला.

नकाशाचे तुकडे स्वतः कापा. गणित सोपं आहे: झूम एकाने वाढला की टाइल्स चौपट होतात. सोळाव्या झूमला आपल्या अक्षांशांवर एक टाइल साधारण ५८० मीटर रुंद असते. गडाभोवतीचा १० बाय १० किलोमीटरचा चौकोन म्हणजे सुमारे ३०० टाइल्स, बारा गडांच्या मिळून ३,६००. अख्खा महाराष्ट्र त्याच झूमला घ्यायला गेलात तर नऊ लाखांच्या वर. म्हणून गडागडाचा तुकडा वेगळा. प्रोटोमॅप्सच्या पीएमटाइल्स या साधनाने जगाच्या फाइलमधून हवा तो चौकोन एका आज्ञेत कापून मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाचा कच्चा डेटा उतरवून त्यातून टाइल्स बनवायच्या. जिंजीसाठी दक्षिण विभाग. नकाशा पडद्यावर दाखवण्यासाठी मॅपलिब्रे ही लायब्ररी वापरा. मॅपबॉक्स कंपनीने २०२० च्या डिसेंबरात आपल्या नकाशा-लायब्ररीचा परवाना बदलल्यावर लोकांनी वेगळी काढलेली ही खुली शाखा आहे. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिसलं पाहिजे, परवान्याची ती अट आहे.

भारतातल्या डेव्हलपरने आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि खुल्या डेटातल्या आंतरराष्ट्रीय सीमा बहुतेक वेळा आपल्या अधिकृत सीमांशी जुळत नाहीत. गडाच्या तुकड्यात हा प्रश्न येत नाही. तो येतो झूम कमी केल्यावर. उपाय दोन: नकाशाच्या स्टाइलमधून देशसीमेचा थर काढून टाका आणि झूम एका मर्यादेखाली जाऊच देऊ नका. बारा गडांच्या एकत्रित पडद्यावर नकाशाऐवजी साधी यादी पुरते.

उंचीच्या रेषा हव्या असतील तर फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम या उंचीच्या मोजणीचा ३० मीटरचा डेटा मोफत मिळतो आणि जीडॅल या साधनाने त्यातून रेषा काढता येतात. मात्र ३० मीटरच्या चौकटीत सह्याद्रीचा सरळसोट कडा नुसता उतार होऊन दिसतो. तेव्हा या रेषांवरून ॲपने वाट सुचवणं हा धोकादायक उद्योग आहे. नोंदलेली पायवाट असेल तर दाखवा, नसेल तर काहीच दाखवू नका.

आखणीचं गणित

गडाची आखणी म्हणजे मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर: अंधाराआधी खाली येऊ का?

त्यासाठी तीन तुकडे लागतात. पहिला, रस्त्याचा वेळ. दोन बिंदूंमधलं हवाई अंतर हॅवरसाइन सूत्राने काढणं सोपं आहे, पण आपल्या घाटांत त्यावर विसंबू नका. प्रतापगड ते रायगड हवाई अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, आणि आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड असं फिरून जाताना ते जवळपास दुप्पट होतं. बारा गडांच्या जोड्या होतात ६६. त्यातल्या कामाच्या वीस-पंचवीस हाताने भरा, बाकीच्यांसाठी वापरकर्त्यालाच विचारा.

दुसरा, चढाईचा वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून चालतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. ४ किलोमीटर वाट आणि ७०० मीटर चढ असेल तर ४८ मिनिटं अधिक ७० मिनिटं, म्हणजे साधारण दोन तास. हा स्कॉटलंडच्या थंडीतला, न थांबणाऱ्या माणसाचा हिशोब. एप्रिलच्या उन्हात, पाठीवर शिधा आणि सोबत पहिल्यांदाच आलेले दोघे असले की तो कोलमडतो.

इथेच चार वेळांचं ते टेबल कामाला येतं. झालेल्या प्रत्येक चढाईसाठी प्रत्यक्ष वेळेला अंदाजाने भागा. आलेल्या गुणकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, सरासरी नको, कारण एकदा रस्ता चुकून सहा तास भटकलेला गट सरासरीचा पार विचका करतो. गुणक १.४ आला तर पुढच्या आखणीत दोन तासांच्या जागी दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं दाखवा, आणि शेजारी कारण लिहा: 'तुमच्या आधीच्या चढायांवरून'. एकटं जाताना आणि घरच्यांसोबत जाताना हा गुणक वेगळा येतो, म्हणून तो 'सोबत कोण' या रकान्यानुसार वेगवेगळा ठेवा. नोंदी पाचापेक्षा कमी असतील तर सरळ १.५ धरा, अंधारात उतरण्यापेक्षा पायथ्याला लवकर पोचून चहा पिणं परवडतं.

तिसरा तुकडा सूर्यास्त. तारीख आणि अक्षांश-रेखांश एवढ्यावर तो फोनमध्येच काढता येतो, नेट लागत नाही. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. शेवटच्या उतरणीचा टप्पा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी संपत नसेल तर तो लाल करा. या ॲपमध्ये एखादा इशारा ठळक असायला हवा तर तो हाच.

वाट नोंदवणं

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, मोकळं आकाश लागतं. नेट नसताना पहिली जागा सापडायला वेळ लागतो, तेवढं वापरकर्त्याला सांगा, नाहीतर तो बटण दाबतच बसेल.

दर सेकंदाला बिंदू घेऊ नका. आठ तासांच्या ट्रेकमध्ये ते २८,८०० होतात आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. दर ३० मीटरला एक घेतला तर १२ किलोमीटरला ४०० पुरतात. प्रत्येक बिंदू आला की लगेच डेटाबेसमध्ये लिहा, मेमरीत साठवून ठेवू नका. बॅटरी वाचवायला फोन मागचं ॲप केव्हाही मारून टाकतो. ॲप पुन्हा उघडल्यावर 'नोंद चालू होती, पुढे चालू ठेवू का?' असं विचारता आलं पाहिजे.

परवानगीच्या बाबतीत कमीत कमी मागा. वापरकर्त्याने स्वतः 'सुरू' दाबलं, वर सूचना दिसत राहिली, तर ॲंड्रॉइडवर 'ॲप वापरताना' एवढ्या परवानगीत फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे पडदा बंद असतानाही उघडपणे चालू राहणारं काम, चालते. 'नेहमी' ही परवानगी मागितलीत की प्ले स्टोअरची वेगळी तपासणी मागे लागते, आणि वापरकर्ताही बिचकतो. नव्या ॲंड्रॉइडवर सर्व्हिसचा प्रकार 'लोकेशन' असा जाहीर करावा लागतो, ते विसरू नका.

उंचीची एक गंमत आहे आणि ती आपल्या भागात फार जाणवते. ॲंड्रॉइड जी कच्ची उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा जो गणिती लंबगोल धरला जातो, त्याच्यापासूनची ती उंची असते. पश्चिम भारतात समुद्रसपाटी या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली येते. म्हणून चौपाटीवर उभं राहिलं की फोन उणे साठच्या आसपास सांगतो, आणि १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरच्या माथ्यावर १,५०० च्या आसपास. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला चढून आलेला माणूस हे सहन करणार नाही. ॲंड्रॉइड १४ मध्ये समुद्रसपाटीची उंची वेगळी मागता येते. जुन्या फोनसाठी प्रत्येक गडाच्या 'ठिकाण' ओळीत त्या जागेचा फरक आधीच भरून ठेवा आणि दाखवताना मिळवा. आयफोन समुद्रसपाटीचीच उंची देतो, तिथे काही मिळवू नका.

रोजनिशीचा पडदा

धापा टाकत असलेला माणूस परिच्छेद लिहीत नाही. गडावर त्याला एकच मोठं बटण द्या: दाबलं की वेळ आणि जागा नोंदली जाते, मग वाटलं तर फोटो, वाटलं तर दहा सेकंदांचं बोलणं, नाहीतर काहीच नाही. रात्री मुक्कामावर किंवा परतीच्या गाडीत ॲप त्या खुणा क्रमाने पुढे मांडतं: 'सकाळी ८:४०, चोर दरवाज्याच्या खाली. काय झालं होतं?' कोऱ्या पानापेक्षा अशा प्रश्नापुढे लोक जास्त लिहितात. आणि मागच्या तारखेची नोंद बिनतक्रार घ्या. खरी रोजनिशी घरी आल्यावर, कपडे धुवायला टाकल्यानंतर लिहिली जाते.

फोटोंचं ठिकाण फोटोतच मिळेल असं धरू नका. ॲंड्रॉइड १० पासून वेगळी परवानगी नसेल तर फोटोतली जागा ॲपपासून लपवली जाते, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत ती उरलेलीच नसते. त्यापेक्षा वेळेवरून जुळवा: फोटो किती वाजता काढला ते पाहा, मार्गबिंदूंमध्ये त्या वेळेच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू शोधा, आणि त्यांच्या मधली जागा धरा. कॅमेऱ्याच्या फोटोत वेळ स्थानिक असते आणि टाइम झोन पुष्कळदा नसतोच. तो टप्प्याच्या ठिकाणावरून घ्या. मित्राच्या कॅमेऱ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर सगळे फोटो एकदम मागे सरकवायची एक पट्टी द्या. मूळ फोटो ॲपमध्ये पुन्हा साठवू नका. दुवा आणि एक लहान प्रत पुरते. मूळ फोटो गॅलरीतून पुसला गेला तरी रोजनिशीत लहान प्रत राहते.

मराठीत शोध

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. एसक्यूलाइटचा मजकूर-शोध, म्हणजे एफटीएस५, मुळातल्या सेटिंगवर मराठी शब्द मधूनच तोडतो. त्याच्या लेखी अक्षरं आणि अंक एवढेच शब्दाचे भाग. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे 'चिन्ह' या वर्गात पडत असल्याने तो त्यांना रिकामी जागा समजतो. परिणाम असा की 'कडा' शोधलं की 'कडी' आणि 'कडू' सुद्धा येतात, कारण त्याच्यापुढे तिन्ही 'कड'. टेबल तयार करताना टोकनायझरच्या (शब्द तोडणाऱ्या भागाच्या) वर्गांच्या यादीत एम-एन (Mn) आणि एम-सी (Mc) हे चिन्हांचे दोन वर्ग वाढवा, की हा त्रास जातो.

त्यानंतर लेखनातले फरक. 'ॲप' हा शब्द एका जोड चिन्हाने लिहिला जातो, तसाच अ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनीही. 'कोपऱ्यात' मधला अर्धा ऱ काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त अशा दोन संकेतांनी देतात, काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन देतात. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

मग विभक्ती. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याची टाकी' सापडायला हवी. त्यासाठी व्याकरणाचं इंजिन लागत नाही: शोधशब्दाच्या शेवटचं स्वरचिन्ह किंवा अनुस्वार काढा आणि उरलेल्याने सुरू होणारे शब्द शोधा. 'पाण' ने सुरू होणाऱ्यांत पाणी, पाण्याची, पाण्यात सगळे येतात. 'टाकं' चं 'टाक' झालं की 'टाक्यात' सापडतं. मधूनच 'टाकला' ही येईल, पण एका माणसाच्या रोजनिशीत तेवढा कचरा चालतो.

बॅकअप आणि वाटणं

सर्व्हर नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. फोन दरीत गेला तर चार वर्षांच्या नोंदी जातात. ॲंड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप एका ॲपला २५ एमबीपर्यंतच आहे. फोटोंसह रोजनिशी त्यात मावत नाही. तेव्हा 'सगळं एका फाइलमध्ये' असं बटण द्या आणि ती फाइल कुठे ठेवायची ते वापरकर्त्याला ठरवू द्या. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, कारण ताजे बदल शेजारच्या लॉग फाइलमध्ये असू शकतात. एसक्यूलाइटची 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा स्वच्छ प्रत काढून देते. सोबत मार्ग जीपीएक्समध्ये (मार्ग साठवायचा सर्वमान्य फाइल-प्रकार) आणि नोंदी जेसनमध्ये (साध्या मजकुराचा फाइल-प्रकार) टाका. तुमचं ॲप उद्या बंद पडलं तरी त्या फाइली वाचता येतील.

मार्ग दुसऱ्याला पाठवताना पहिले आणि शेवटचे काहीशे मीटर आपोआप छाटा. बहुतेकांची नोंद घराच्या दारातून सुरू होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला आहे. डेटा फोनबाहेर न्यायचाच नाही हे धोरण त्या दृष्टीनेही सुटसुटीत पडतं, आणि प्रायव्हसी पॉलिसी दोन परिच्छेदांत संपते.

चाचणी आणि प्रकाशन

घरी बसून पुष्कळ काही तपासता येतं. ॲंड्रॉइड स्टुडिओच्या एम्युलेटरला (संगणकावरच्या नकली फोनला) जीपीएक्स फाइल दिली की तो त्या मार्गावरून 'चालतो'. विमान मोड लावून पूर्ण सहल करा, मधेच ॲप बंद पाडा, घड्याळ काठमांडूला न्या. बॅटरी वाचवण्याचा मोड मात्र खऱ्या फोनवर आणि खऱ्या चढाईतच कळतो. त्यासाठी मळवली स्टेशनहून लोहगड बरा: पुण्याहून लोकलने जाता येतं आणि वाट चुकण्याची भीती कमी.

प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर; ॲपलची दर वर्षी ९९ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद गटात चाचणी करावी लागते: किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. ओळखीच्यांना नुसती नावं द्यायला लावण्याऐवजी एखादा ट्रेकचा ग्रुप गाठा आणि त्या चौदा दिवसांत दोन शनिवार-रविवार पकडा. 'ॲप कसं वाटलं' असं विचारलंत तर 'मस्त' एवढंच उत्तर येतं. विचारा: कोणता टप्पा गाळला, ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ यांत सगळ्यात मोठा फरक कुठे पडला, कोणत्या क्षणी ॲप सोडून व्हॉट्सॲपवर गेलात. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची यादी.

ती आवृत्ती बनवताना टेबलं बदलावी लागतीलच. एसक्यूलाइटमध्ये आवृत्तीचा क्रमांक ठेवायची जागा असते, तो पहिल्या दिवसापासून भरा. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीची, खऱ्यासारख्या नोंदींनी भरलेली एक डेटाबेस फाइल प्रकल्पातच जपून ठेवा. ॲपची नवी बिल्ड (तयार आवृत्ती) चढवण्याआधी त्या सगळ्या फाइली एकेक करून नव्या कोडमध्ये उघडा. टप्पे, नोंदी आणि फोटोंची संख्या आधी होती तेवढीच भरली तरच ती पुढे जाऊ द्या.